चोथ्याकडे कोण पाहणार?

गेल्या काही वर्षांत औषधी चूर्णांच्या आणि काढ्याच्या भरडीच्या पोत्यांबरोबर एक नवा कागद आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातील चिकित्सालयांपर्यंतही येऊ लागला आहे. त्यावर डोंगर-दऱ्यांसारखी चढउतार करणारी एक रेघ असते, खाली आकडे असतात आणि कोपऱ्यात ‘एफ.टी.आय.आर. परीक्षित’ असा शिक्का असतो. औषध पुरवणारा प्रतिनिधी तो कागद मोठ्या विश्वासाने पुढे करतो. द्रव्य अस्सल आहे याचा हा शास्त्रीय पुरावा, असे त्याचे म्हणणे असते. आमच्या पिढीच्या बी.ए.एम.एस. अभ्यासक्रमात हा आलेख कसा वाचावा हे कोणी शिकवले नव्हते. त्यामुळे बहुतेक वैद्यमित्र त्याकडे आदराने पाहतात, फाइलला लावतात आणि पुढील रुग्ण आत बोलावतात.

ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हा कागद दिला जातो, त्या प्रश्नाचे उत्तर तो सहसा देऊ शकत नाही. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर त्यातून खरोखर मिळू शकेल, तो प्रश्न आपण वैद्यांनी अद्याप विचारलेलाच नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते मांडण्यापूर्वी या आलेखात नेमके काय दिसते ते पाहणे आवश्यक आहे.

वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती एक भित्तिका असते. १६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाच्या पातळ कापात ज्या रिकाम्या कोठड्या पाहिल्या, त्या वस्तुतः या भित्तिकाच होत्या. आतील सजीव द्रव्य केव्हाच नाहीसे झालेले होते. या भित्तिकेत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू असतात. त्यांची जाडी तीन-चार नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केल्यास त्यातील तीन-चार भाग. या तंतूंभोवती हेमिसेल्युलोज आणि पेक्टिन यांचे वेष्टन असते, आणि जेथे झाडाला काष्ठाचे बळ हवे असते तेथे लिग्निन नावाचे द्रव्य साऱ्या फटी भरून काढते. घराच्या भिंतीची उपमा द्यायची तर सेल्युलोज म्हणजे बांबूचा ताटवा, पेक्टिन म्हणजे ओली माती आणि लिग्निन म्हणजे पक्का चुना.

अवरक्त किरण अशा द्रव्यावर पडले की त्यातील अणूंमधील बंध आपापल्या ठरावीक कंपनसंख्येचे किरण शोषून घेतात. कोणते किरण किती शोषले गेले याची नोंद म्हणजे तो आलेख. तरंगसंख्येच्या मोजपट्टीवर १७४०च्या सुमारास जे शिखर दिसते ते मुख्यतः पेक्टिन व हेमिसेल्युलोज यांच्या एस्टर बंधांचे. १५१०जवळचे लिग्निनच्या वलयांचे. १०३० ते ११६० या पट्ट्यातील मोठा उंचवटा सेल्युलोज आणि इतर शर्करासाखळ्यांचा. १३२०च्या आसपास टोकदार शिखर आले तर कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांची शंका घ्यावी. ३३००च्या भोवतालचा रुंद डोंगर हायड्रॉक्सिल गटांचा, आणि नमुना ओलसर असेल तर पाण्याचाही.

आता प्रश्न असा की भित्तिकेचे हे घटक कोणत्या वनस्पतीत नसतात? सर्वांतच असतात. आमच्या बाभुळगाव तालुक्यात कापूस निघून गेल्यावर शेतात पऱ्हाटी उरते आणि तूर निघाल्यावर तुराटी. दोन्ही चुलीत जातात. या दोहोंची भुकटी करून आलेख काढले आणि शेजारी ठेवले, तर नुसत्या डोळ्यांनी ते वेगळे ओळखणे कठीण आहे. कारण दोन्ही काष्ठच आहेत. उलट त्याच पऱ्हाटीच्या बोंडातील पांढऱ्या तंतूचा आलेख काढला तर त्यात १५१०चे लिग्निन-शिखर दिसणार नाही. म्हणजे एकाच झाडाचे दोन अवयव या यंत्राला परस्परांहून भिन्न भासतात आणि दोन निरनिराळ्या झाडांचे समान अवयव जुळ्या भावंडांसारखे. हे यंत्र भित्तिकेचा पोत चांगला ओळखते. झाडाचे नाव सांगणे हे त्याचे स्वाभाविक काम नव्हे.

अशोकाच्या सालीत होणारी भेसळ सर्वांस ठाऊक आहे. अशोकारिष्टासाठी हवी असते सराका अशोकाची साल, जो वृक्ष आता दुर्मीळ होत चालला आहे. आणि बाजारात पुष्कळदा येते ती शाळा-कचेऱ्यांच्या आवारात रांगेने लावलेल्या उंच, सरळ, खोट्या अशोकाची. दोन्ही साली, दोन्हींत सेल्युलोज, लिग्निन, ऑक्झलेट. एकट्या आलेखावर हात ठेवून ‘हा सीतेचा अशोक’ असे म्हणणे धाडसाचे ठरेल. शिवाय हल्लीच्या यंत्रात हिऱ्याच्या स्फटिकावर चिमूटभर भुकटी दाबून परीक्षण होते आणि किरण तिच्यात एक-दोन मायक्रोमीटरपेक्षा फारसे खोल जात नाहीत. ती चिमूट पन्नास किलोच्या पोत्याची प्रतिनिधी आहे हे कोणी ठरवले? बाभूळ, अर्जुन यांसारख्या कषायरसप्रधान सालींत आणखी एक अडचण आहे. त्यांतील टॅनिनची शिखरे लिग्निनच्या शिखरांच्या शेजारीच येऊन बसतात; टॅनिन आधी धुऊन काढल्याखेरीज भित्तिकेविषयी काही बोलू नये हे बरे.

यंत्रावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की अस्सल, वनस्पतिशास्त्रज्ञांनी ओळखून दिलेल्या पुष्कळ नमुन्यांचा संग्रह जवळ असेल आणि संख्याशास्त्राच्या साहाय्याने शेकडो बिंदूंची एकदम तुलना केली, तर अवरक्त वर्णपटावरून जवळच्या जातींचेही वर्गीकरण करता येते. परंतु पोत्याबरोबर येणाऱ्या कागदामागे असा संग्रह आहे किंवा नाही, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. आम्ही विचारून पाहिले. उत्तरादाखल आम्हांला त्याच आलेखाची रंगीत प्रत मिळाली. असो.

ओळखीचा हा प्रश्न केवळ शास्त्रचर्चेचा नाही. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता, त्यामुळे या वृत्तांताची मोठी चर्चा झाली. आयुष मंत्रालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये हरकत घेताना, वापरलेली वनस्पती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच होती याची खातरजमा झालेली नाही, टिनोस्पोरा क्रिस्पासारखी जवळची जात असू शकते, असा मुद्दा मांडला. या वादात कोण बरोबर याचा निर्णय येथे करावयाचा नाही. पण दोन्ही बाजूंना ज्याची गरज होती तो पुरावा, म्हणजे रुग्णाने प्रत्यक्ष घेतलेल्या द्रव्याचा जपून ठेवलेला, ओळख पटलेला नमुना, तो पुढे आला नाही, हे आपल्या व्यवसायाला भूषणावह नाही. ताजे खोड हाती असते तर क्रिस्पाच्या सालीवरील ठळक गाठी वैद्याच्या बोटांनाच जाणवल्या असत्या. निघंटुकारांनी गुडूचीला चक्रलक्षणा म्हटले ते तिचा आडवा छेद पाहूनच. एकदा चूर्ण झाले की ना गाठी उरतात ना चक्र. उरते ते मुख्यतः पिष्ट आणि सेल्युलोज, आणि त्यांची शिखरे आलेखात एकमेकांवर पडतात. सबब, ओळखीसाठी ताजे किंवा अखंड द्रव्य, सूक्ष्मदर्शक आणि आयुर्वेदीय औषधिकोशात सांगितलेल्या भस्म-अर्क परीक्षा हाच आजही पहिला मार्ग आहे.

मग हे यंत्र आपल्या कशाच्या उपयोगाचे? याचे उत्तर आम्हांला आमच्याच जिल्ह्यातील कापसाच्या व्यवहारात सापडते.

कापसाचा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या कवचावर उगवलेली एकच पेशी. ती अडीच-तीन सेंटिमीटर लांब होते, नंतर आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर साचत जातात, आणि बोंड फुटल्यावर पेशी सुकून मागे राहते ती केवळ भित्तिका. तिच्यात नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज. थोडक्यात, यवतमाळ जिल्हा दर हंगामात बाजारात जे विकतो ती पेशीभित्तिकाच होय. या भित्तिकेच्या अभ्यासासाठी मुंबईत माटुंग्याला १९२४ साली प्रयोगशाळा निघाली. तीच आजची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था. तिला पहिल्यापासून विचारलेले प्रश्न सूत गिरणीतून आलेले होते: तंतू किती लांब, किती बारीक, किती बळकट, किती पक्व? भित्तिका पुरेशी जाड झाली नसेल तर सूत तुटते आणि रंग नीट चढत नाही, हे गिरणीला आधी ठाऊक होते. मोजमाप नंतर आले. आज हमीभावातही तंतूची लांबी व मायक्रोनेअर यांचे निकष असतात. मायक्रोनेअर म्हणजे तंतूंच्या ठरावीक वजनाच्या पुंजक्यातून हवा किती सहज जाते त्यावरून काढलेला, बारीकपणा व पक्वता दर्शवणारा आकडा. अवरक्त वर्णपटानेही ही पक्वता अजमावता येते. यंत्राने काय मोजावे हे कापसाच्या धंद्याने सांगितले. आपल्या धंद्यात मात्र यंत्र विकणारा आपल्याला सांगतो आहे.

आपल्याकडे विचारण्यासारखे प्रश्न नाहीत असे नव्हे. किंबहुना ते परिभाषेत तयार स्थितीत पडून आहेत. काढ्यासाठी मृदू द्रव्यास चौपट, मध्यम द्रव्यास आठपट आणि कठीण द्रव्यास सोळापट पाणी घ्यावे, हा नियम आपण पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि आज रुग्णाला सरसकट ‘दोन कप पाण्याचा अर्धा कप करा’ असे सांगून मोकळे होतो. मृदू, मध्य आणि कठीण म्हणजे काय? वनस्पतीच्या बाबतीत याचा बराचसा अर्थ भित्तिकेतच असला पाहिजे: किती लिग्निन, किती पेक्टिन, भिंत किती जाड. पाणी अधिक घेऊन चतुर्थांश उरवायचे म्हणजे उकळण्याचा काळ लांबतो, आणि तो वेळ भित्तिकेला मिळतो. उकळत्या पाण्यात लिग्निन फारसे हलत नाही. पेक्टिन मात्र सुटते, पेशी एकमेकींपासून विलग होतात आणि आतील द्रव्याला वाट मिळते. म्हणून तुळशीच्या पानाला फांट पुरतो आणि खैराच्या साराला दीर्घ पाक लागतो, असे अनुमान करता येते. ते खरे की खोटे हे ठरवण्याचे साधन आज उपलब्ध आहे. काढा गाळल्यावर जो चोथा आपण परसात फेकतो, त्याचा आणि मूळ भरडीचा आलेख शेजारी ठेवावा. १७४०चे शिखर किती खाली आले, १५१०चे तुलनेने किती वर आले, यावरून पाण्याने भित्तिकेतून काय नेले व काय ठेवले याचा बराच बोध होईल. चूर्णाचे आलेख काढणारे पुष्कळ आहेत. चोथ्याचा आलेख आमच्या पाहण्यात आलेल्या एकाही प्रबंधात नाही.

यात पाण्याचाही विचार यावा. आमच्या भागातील प्रत्येक गृहिणीला माहीत आहे की काही बोअरच्या जड पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. पाण्यातील कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्यांना परस्परांशी जखडून टाकते, हे त्याचे कारण. जे डाळीला लागू तेच काढ्याच्या भरडीला का लागू नसावे? पेक्टिनचे एस्टर किती आणि सुटे आम्लगट किती, हे १७४० आणि १६१०-१६३० या दोन शिखरांच्या तुलनेतून अजमावता येते. एकच भरड, एक काढा नदीच्या पाण्यात, एक बोअरच्या पाण्यात, एक पावसाच्या साठवलेल्या पाण्यात, आणि तिन्हींचा चोथा. इतका साधा प्रयोग पदव्युत्तर विद्यार्थ्यास एका उन्हाळ्यात करता येईल. प्रेशर कुकरमध्ये काढा करावा का, हा रुग्णांचा नेहमीचा प्रश्नही याच पंगतीला बसवता येईल. आजवर आपण त्याचे उत्तर केवळ स्वभावानुसार देत आलो आहोत.

दुसरा प्रश्न त्याहून आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. शार्ङ्गधराने काही द्रव्ये सदैव आर्द्रच घ्यावीत असे सांगितले. त्यांत गुडूची आहे, कुटज आहे, वासा आहे, शतावरी आहे. इतर द्रव्ये ओली मिळाली तर दुप्पट घ्यावीत. यांना मात्र तो नियम नाही. आज बाजारात गुळवेल सुकीच मिळते आणि आपण तीच वापरतो. वाळल्याने केवळ पाणी जाते आणि भिजवल्यावर सारे पूर्ववत होते, अशी आपली समजूत आहे. कागदाच्या कारखानदारांचा अनुभव वेगळा आहे. लगदा एकदा पूर्ण वाळला की भित्तिकेतील सूक्ष्म रंध्रे मिटतात, सेल्युलोजचे तंतू एकमेकांस चिकटतात, आणि पुन्हा भिजवले तरी तो पहिल्यासारखा फुगत नाही. गुळवेलीच्या खोडातही असेच काही घडत असेल काय? सावलीत वाळवलेली, उन्हात वाळवलेली आणि ताजी अशा तीन खोडांच्या भित्तिका तपासल्या तर शार्ङ्गधराच्या वचनामागील कारणाचा एक धागा हाती येईल, किंवा कारण अन्यत्र शोधावे लागेल. दोन्हींपैकी काहीही निघाले तरी आपला लाभच आहे.

ताज्या द्रव्यासाठी अवरक्त यंत्र तितकेसे सोयीचे नाही, कारण पाणीच त्यातील बरेच किरण खाऊन टाकते. तेथे रामन वर्णपट उपयोगी पडतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कोलकात्यात शोधलेल्या परिणामावर तो आधारलेला आहे आणि पाण्याचा त्यास फारसा अडथळा होत नाही. १९८५ साली अमेरिकेत राजाई अटाला आणि उमेश अग्रवाल यांनी याच मार्गाने स्प्रूस लाकडाच्या भित्तिकेतील लिग्निनची वलये सैरावैरा नसून भित्तिकेच्या प्रतलाला धरून मांडलेली आहेत असे दाखवले. हिरव्या द्रव्यातील हरितद्रव्य मात्र लेसरच्या प्रकाशात स्वतःच चमकू लागते आणि रामनचे क्षीण संकेत त्यात बुडून जातात. त्यासाठी लांब तरंगलांबीचा लेसर घ्यावा लागतो.

‘भित्तिका म्हणजे टाकाऊ सांगाडा, औषध ते आतले’ ही आपल्यातील सार्वत्रिक भावनाही एकदा तपासून घ्यावी. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९९ साली गुळवेलीच्या खोडातून प्रतिकारक पेशींना चेतवणारे एक अरॅबिनोगॅलॅक्टन प्रसिद्ध केले. ही शर्करासाखळी भित्तिकेच्या परिवारातील आहे. बाभळीचा डिंक, ज्याचे लाडू आपण बाळंतिणीस देतो, तोही त्याच कुळातला. काढ्यात जे उतरते त्यात अल्कलॉइड आणि तिक्तद्रव्येच तेवढी मोजायची आणि या साखळ्या ‘गाळ’ म्हणून सोडून द्यायच्या, ही सवय आपण आधुनिक औषधनिर्माणशास्त्राकडून उसनी घेतली आहे. ती आपल्या कल्पनांना मानवतेच असे नाही.

काही ज्येष्ठ वैद्यांचे म्हणणे असे की शास्त्रवचनास यंत्राच्या दाखल्याची गरज काय? त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून आम्ही म्हणतो की दाखला मागण्याचा येथे प्रश्नच नाही. मृदू-कठीण हा भेद आपण व्यवहारात सोडून दिला आहे, आर्द्र गुडूचीचा नियम सोडून दिला आहे. जे सोडले त्याने रुग्णाचे किती नुकसान होते, इतकेच समजून घ्यायचे आहे. दुसऱ्या बाजूला, प्रत्येक प्रबंधाच्या मागे एक आलेख जोडला की तो ‘वैज्ञानिक’ झाला असे मानणारी तरुण मंडळी आहेत. त्यांच्या प्रबंधांत ‘३३०० येथे हायड्रॉक्सिल गट आढळला’ असे वाक्य हटकून असते. तो ओल्या गोणपाटातही आढळेल!

खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. मुंबईच्या आय.आय.टी.मधील सैफ या सुविधेत बाहेरच्या संशोधकांचेही नमुने शुल्क घेऊन तपासले जातात, आणि द्रव्याच्या ओळखीसाठी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे जाता येते. नाशिकच्या विद्यापीठाकडे सादर होणाऱ्या रसशास्त्र-भैषज्यकल्पनेच्या आणि द्रव्यगुणाच्या प्रबंधांपैकी दरसाल दोन-तीन तरी विषय काढ्याच्या चोथ्यावर, पाण्यावर आणि आर्द्र-शुष्क भेदावर असावेत, असा ठराव आपल्या संघटनेने करून महाविद्यालयांकडे पाठवावा. आणि आलेख देणाऱ्या पुरवठादारांना सर्व सभासदांनी एकच प्रश्न लेखी विचारावा: आपण कोणत्या अस्सल नमुन्याशी तुलना केली, आणि तो नमुना कोणी ओळखून दिला?

यंत्र जवळ नसणाऱ्या खेड्यातील वैद्यासही बरेच करता येते. शाळेत असतो तसा साधा सूक्ष्मदर्शक, दाढीचे पाते, आयोडीन आणि फ्लोरोग्लुसिनॉल. द्रव्याचा पातळ काप घेऊन त्यावर फ्लोरोग्लुसिनॉल व तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की लिग्निनयुक्त भित्तिका काही मिनिटांत लालगुलाबी होतात. आयोडीनने पिष्ट निळे होते. आम्लाची काळजी घ्यावी आणि काच झाकावी. मृदू, मध्य, कठीण हा भेद डोळ्यांनी पाहायचा असेल तर एवढी सामग्री पुरे.

येत्या पावसाळ्यानंतर, गुळवेल भरात असताना, जे सभासद सहभागी होऊ इच्छितात त्यांनी आपल्या गावची वेल कोणत्या झाडावर चढली आहे, खोड कधी तोडले, कसे वाळवले आणि काढ्याला कुठले पाणी घेतले, हे लिहून मूळ खोडाचा वीतभर तुकडा, भरडीची पुडी आणि सावलीत वाळवलेल्या चोथ्याची पुडी अशा तीन पुड्या आपापल्या जिल्हा शाखेकडे द्याव्यात. पुड्या कागदाच्या असाव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत चोथ्याला बुरशी धरते.